कंट्रोलर २३० चा, कॉइल २४ ची: मग जुळवायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पावडर कोटिंगचा छोटा ओव्हन, त्यात ९ किलोवॅटचे तीन फेजचे हीटर. टेंपरेचर कंट्रोलरच्या स्टिकरवर १००-२४० व्होल्ट एसी लिहिलंय. हीटर चालू-बंद करायला कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलच्या चुंबकाने ओढला जाणारा मोठा स्विच. तो जुन्या पॅनेलमधून काढलाय, त्याच्या कॉइलवर नुसतं '२४' वाचता येतं, पुढचं पुसलं गेलंय. कंट्रोलरवर आउटपुटचा दिवा लागतो, पण आउटपुटच्या दोन टर्मिनलांवर मीटर लावला की शून्य व्होल्ट. शंका तीन: कंट्रोलर बिघडलाय का, २४ व्होल्टचा कंट्रोलर घ्यावा का, की मध्ये ट्रान्सफॉर्मर टाकावा?

आधी कंट्रोलरला निर्दोष सोडवू. त्याचं आउटपुट रिलेचं असेल तर तिथे शून्य व्होल्ट दिसणं अगदी बरोबर आहे. स्टिकरवरचे १००-२४० व्होल्ट हा कंट्रोलरचा स्वतःचा खुराक. त्याचं डोकं आणि डिस्प्ले त्यावर चालतात. आउटपुटच्या टर्मिनलांतून ते व्होल्टेज बाहेर पडत नाही. रिले आउटपुट म्हणजे आत बसवलेलं एक छोटं बटण. दिवा लागला की ते चालू, विझला की बंद. भिंतीवरचं बटण वीज तयार करत नाही, फक्त वाट मोकळी करून देतं, तसंच हे. तुम्ही २३० आणून दिले तर पलीकडे २३० निघतील, २४ दिले तर २४. काहीच आणून दिलं नाही तर काहीच निघणार नाही, आणि तुमच्या मीटरने नेमकं तेच सांगितलं. पॅनेलवाले याला ड्राय कॉन्टॅक्ट किंवा पोटेन्शियल फ्री कॉन्टॅक्ट म्हणतात.

त्यामुळे 'कंट्रोलरचं व्होल्टेज कॉइलशी कसं जुळवू' हा प्रश्नच जरा बाजूला ठेवा. त्या दोघांचं व्होल्टेज एक असायची गरजच नाही. जुळायला हवी ती कॉइल आणि त्या बटणातून जाणारा कंट्रोल सप्लाय. ते जुळलं की पुढचा प्रश्न, कॉइलचा करंट ते बटण झेलेल का. आणि तिसरा, जो सहसा कोणी विचारत नाही पण पॅनेल बहुतेक वेळा त्याच्यामुळेच बंद पडतं: ते बटण दिवसातून किती वेळा दाबलं जाणार आहे.

हे सगळं आउटपुट रिलेचं आहे असं धरून झालं. ते आधी पक्कं करा, कारण बाहेरून एकसारखे दिसणारे कंट्रोलर तीन तऱ्हेच्या आउटपुटचे येतात. एक रिलेचं. दुसरं एसएसआर (सॉलिड स्टेट रिले, हलणारा भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच) चालवण्यासाठीचं, ज्यातून खरोखरच व्होल्टेज बाहेर येतं, पण ते १२ किंवा २४ व्होल्ट डीसीचे ठोके असतात आणि करंट साधारण २०-३० मिलीअँपिअर. तिसरं ४ ते २० मिलीअँपिअरचं ॲनालॉग. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारावर कॉन्टॅक्टर थेट चालत नाही, व्होल्टेज कितीही जुळवलं तरी. एसएसआरच्या आउटपुटवर २४ व्होल्ट डीसी दिसले म्हणून २४ व्होल्ट डीसीची कॉइल जोडणारे लोक मी पाहिलेत. व्होल्टेज जुळतंय, हे खरं. पण कॉइलला लागतो २३० मिलीअँपिअरच्या आसपास करंट आणि तिथून मिळतो २०-३०. कॉइल ढिम्म हलत नाही, आणि आउटपुटचा ट्रान्झिस्टर तेवढा जातो.

ओळखायचं कसं? आउटपुटच्या दोन्ही वायरी काढून ठेवा. सेटपॉइंट (कंट्रोलरवर लावलेलं तापमान) वाढवून आउटपुटचा दिवा लागेल असं करा. आधी डीसी व्होल्टवर मोजा. १२-२४ व्होल्ट दिसले तर ते रिलेचं नाही, एसएसआरचं किंवा ४-२० मिलीअँपिअरचं आउटपुट. काहीच नाही दिसलं तर मीटर बीपवर घ्या. दिवा लागल्यावर कॉमन आणि एनओ (नॉर्मली ओपन, एरवी उघडं राहणारं टोक) यांच्यात बीप, विझल्यावर बीप बंद, म्हणजे रिले. हा क्रम उलटा करू नका. बीपवर असलेला मीटर व्होल्टेज असलेल्या टर्मिनलावर टेकवणं मीटरच्या तब्येतीला बरं नाही.

आता कॉइल. '२४' एवढंच वाचता येतं, म्हणजे अर्धीच माहिती आहे. २४ एसी की २४ डीसी हे कळल्याशिवाय तिला काहीही लावायचं नाही. पहिला उपाय म्हणजे कॉन्टॅक्टरचा पूर्ण मॉडेल नंबर. शेवटच्या दोन-तीन अक्षरांत बहुतेक कंपन्या कॉइलचा कोड देतात आणि कंपनीच्या कॅटलॉगमध्ये त्याचा तक्ता असतो. तेही पुसलं गेलं असेल तर कॉइलची ए१ आणि ए२ ही दोन टोकं मोकळी करून ओहम मोजा. माझा अनुभव असा की या एका आकड्यावरून बरंच कळतं.

डीसी कॉइलमध्ये करंट अडवायला फक्त तारेचा रेझिस्टन्स असतो. छोट्या कॉन्टॅक्टरची २४ व्होल्ट डीसी कॉइल साधारण साडेपाच वॅट खाते, म्हणजे करंट ०.२३ अँपिअर आणि रेझिस्टन्स शंभर ओहमच्या आसपास. एसी कॉइलचं तसं नसतं. तिच्यात करंटला मुख्यतः इंडक्टन्स (बदलत्या करंटला कॉइलचा चुंबकीय विरोध) अडवतो, म्हणून तार जाड आणि वेढे कमी. त्याच मापाच्या २४ व्होल्ट एसी कॉइलवर मीटर दहाच्या आतले ओहम दाखवतो. २३० व्होल्टच्या एसी कॉइलवर काहीशे ओहम येतात. तेव्हा तुमच्या कॉइलवर ६-७ ओहम आले तर ती एसीची समजा, शंभरच्या घरात आले तर डीसीची. एक अपवाद लक्षात ठेवा: हल्ली काही कॉन्टॅक्टरांच्या कॉइलमागे इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं आणि एकच कॉइल एसी-डीसी दोन्हींवर, मोठ्या पल्ल्यात चालते. तिच्यावर ओहमचा आकडा काहीबाही येतो, त्यावर विसंबू नका. अशा कॉइलवर व्होल्टेजचा पल्ला छापलेला असतो, पण तुमच्या '२४' च्या पुढचं पुसलं गेलंय, म्हणून ही शक्यता मॉडेल नंबरवरूनच तपासा.

एसी-डीसीची एवढी काळजी कशाला, असं वाटेल. ६ ओहमच्या एसी कॉइलला २४ व्होल्ट डीसी दिलं तर इंडक्टन्सचा अडथळा नाहीच. चोवीस भागिले सहा, ४ अँपिअर. म्हणजे मुठीत मावणाऱ्या कॉइलमध्ये ९६ वॅट. कॉन्टॅक्टर खटकन ओढतो, सगळं उत्तम चाललंय असं वाटतं, आणि थोड्याच वेळात पॅनेलमधून वार्निश जळाल्याचा वास येतो. उलट केलं, डीसीची कॉइल एसीवर टाकली, तर ती नीट ओढत नाही, नुसती गुरगुरते.

चुकीच्या व्होल्टेजबद्दलही एक गैरसमज आहे की जास्त व्होल्टेजने कॉइल जळते आणि कमी व्होल्टेजने फार तर कॉन्टॅक्टर ओढणार नाही. पहिलं खरं आहे. मी स्वतः एकदा ११० व्होल्टच्या कॉइलला २३० दिले होते. कॉइलवरचा आकडा वायरच्या फेरुलखाली झाकला गेला होता आणि शेजारचे चारही कॉन्टॅक्टर २३० चे होते, म्हणून पाहण्याची तसदी घेतली नाही. आवाज वेगळाच आला, खोल घुमणारा. तो ऐकून मेनकडे हात जाईपर्यंत कॉइलच्या प्लास्टिकला फुगवटा आला होता. पण दुसरं, कमी व्होल्टेजचं, तेवढंच घातक आहे आणि जास्त फसवं.

एसी कॉइलला ओढताना जो करंट लागतो तो धरून ठेवताना लागणाऱ्या करंटच्या जवळजवळ दहापट असतो. साधारण २५-३० अँपिअरपर्यंतच्या कॉन्टॅक्टरला ओढताना ७० व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) आणि धरायला ७ व्हीए, हे आकडे डोक्यात ठेवायला सोपे आहेत. कारण असं की आर्मेचर (कॉइल ओढून घेते तो हलणारा लोखंडी तुकडा) वर असताना मध्ये हवेची फट असते, इंडक्टन्स कमी असतो, म्हणून करंट धो धो वाहतो. आर्मेचर खाली चिकटलं की फट गेली, इंडक्टन्स वाढला, करंट उतरला. हे सगळं डोळ्याची पापणी लवण्याआधी होतं, म्हणून कॉइल त्या मोठ्या करंटने तापत नाही. आता व्होल्टेज कमी पडलं आणि आर्मेचर अर्ध्यातच थरथरत राहिलं तर? फट मिटतच नाही. धरण्याच्या करंटच्या सात-आठपट करंट वाहतच राहतो, आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे पन्नास-साठपट. कॉइल जळते. शिवाय या थरथरीत हीटरचे मुख्य कॉन्टॅक्ट सेकंदाला अनेकदा ठिणग्या मारतात आणि शेवटी एकमेकांना चिकटतात. कॉन्टॅक्टर 'चॅटरिंग करतोय' असं म्हणतात ते हेच. या दोन्हींत मला चिकटलेल्या कॉन्टॅक्टची भीती जास्त वाटते. जळलेली कॉइल ओव्हन बंद करते. चिकटलेला कॉन्टॅक्ट तो बंदच होऊ देत नाही.

मानक असं सांगतं की कॉन्टॅक्टरने कॉइलच्या व्होल्टेजच्या ८५ ते ११० टक्क्यांत नीट ओढलं पाहिजे. २३० च्या कॉइलसाठी याचा अर्थ १९५ ते २५३ व्होल्ट. २४ च्या कॉइलसाठी २०.४ ते २६.४. हा २०.४ चा आकडा जपून ठेवा, लगेच लागेल.

कारण आता करंटचा हिशोब. कॉइल २३० ची असो की २४ ची, तेवढंच आर्मेचर ओढायला तेवढेच व्हीए लागतात. २३० वर ७० व्हीए म्हणजे ०.३ अँपिअर. २४ वर तेच ७० व्हीए म्हणजे २.९ अँपिअर. धरताना अनुक्रमे ०.०३ आणि ०.२९. तुमच्या कंट्रोलरच्या रिलेवर बहुधा '३ अँपिअर, २५० व्होल्ट एसी' लिहिलेलं असेल, काहींवर ५ असतं. शेजारी बारीक अक्षरांत 'रेझिस्टिव्ह' असंही असतं. तो आकडा दिव्याच्या किंवा हीटरच्या लोडसाठी आहे. कॉइल इंडक्टिव्ह लोड आहे, ती सोडताना ठिणगी मारते, त्यामुळे तिच्यासाठी रिलेची खरी ताकद छापील आकड्याच्या निम्मी किंवा त्याहून कमी धरायची. या हिशोबात २३० ची कॉइल रिलेला खेळण्यासारखी आहे. २४ एसीची कॉइल प्रत्येक ओढीला त्याला काठाच्याही पुढे नेते.

म्हणजे २४ व्होल्ट 'सौम्य' वाटतं, पण रिलेच्या दृष्टीने २३० जास्त सौम्य आहे. हे ऐकून नवखे चमकतात.

२४ व्होल्ट एसीला आणखी दोन त्रास आहेत. ट्रान्सफॉर्मर. धरायला ७ व्हीए लागतात म्हणून १० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर घेतला तर ओढतानाच्या ७० व्हीएला तो गुडघे टेकतो. व्होल्टेज २०.४ च्या खाली गेलं की थरथर सुरू. एका कॉन्टॅक्टरसाठीसुद्धा मी ५० व्हीएच्या खाली जात नाही. दुसरा त्रास वायरचा. समजा कंट्रोलर ओव्हनच्या दारापाशी आणि कॉन्टॅक्टर १५ मीटरवरच्या पॅनेलमध्ये, मध्ये ०.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. जाऊन-येऊन ३० मीटर, रेझिस्टन्स एक ओहमहून थोडा जास्त. २.९ अँपिअरला त्यात ३ व्होल्ट पडले. २४ चे २१ झाले. ट्रान्सफॉर्मर थोडा जरी दबला तरी मर्यादेच्या खाली. याच वायरीवर २३० च्या कॉइलला एक-तृतीयांश व्होल्टच पडतो, कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता तुमच्याकडे वाटा कोणत्या? माझी पहिली पसंती: कॉन्टॅक्टर तोच ठेवा, कॉइल २३० एसीची घाला. बऱ्याच कॉन्टॅक्टरांची कॉइल वेगळी मिळते आणि समोरचे स्क्रू किंवा खाचा सोडवून बदलता येते. छोट्या मापात काहींची कॉइल बदलता येत नाही, तेव्हा कॉन्टॅक्टरच बदलावा लागतो. कंट्रोलरला २३० तुम्ही देताच आहात, तोच सप्लाय वेगळ्या फ्यूजमधून कॉइललाही द्या. ट्रान्सफॉर्मर नको, वेगळा सप्लाय नको, बिघडायला एक वस्तू कमी.

कॉइल डीसी निघाली तर २४ व्होल्टचा डीसी सप्लाय लावून ती वापरणं वाईट नाही. डीसी कॉइलला ओढतानाचा झटका नसतो, पहिल्यापासून तेवढाच ०.२३ अँपिअर. फक्त कॉइलवर उलटा डायोड टाका, १एन४००७ चालतो, पट्टीचं टोक प्लसकडे. नाहीतर करंट तोडताना कॉइल काहीशे व्होल्टचा झटका मारते आणि तो कंट्रोलरच्या रिलेवर येतो. डायोडमुळे कॉन्टॅक्टर सोडायला थोडा उशीर करतो, पण हीटरला त्याचं काही नाही.

कॉइल ४१५ व्होल्टची असती तर मात्र मी स्पष्ट नाही म्हटलं असतं. कंट्रोलरचा रिले २५० व्होल्टपर्यंतचा असतो. ४१५ त्यातून न्यायचे नाहीत, करंट कितीही कमी असला तरी.

आणि २४ व्होल्टचा कंट्रोलर घ्यायची तर काहीच गरज नाही. त्याने फक्त कंट्रोलरचा खुराक बदलेल. बटण तेच राहील.

जोडणीचं तोंडी सांगतो. कंट्रोल फेज १ किंवा २ अँपिअरच्या फ्यूजमधून निघेल, मग कंट्रोलरच्या कॉमनवर, एनओतून बाहेर, कॉन्टॅक्टरच्या ए१ वर. ए२ थेट न्यूट्रलला. बटणं सगळी फेजच्या बाजूला, न्यूट्रलच्या बाजूला एकही नाही. काही जण सोयीसाठी ए१ ला फेज कायम देतात आणि कंट्रोलरने न्यूट्रल तोडतात. चालतं, नाही असं नाही. पण ए२ पासून कंट्रोलरपर्यंतची वायर कधी ओव्हनच्या पत्र्याला घासून अर्थ झाली, तर कॉइलला त्या अर्थमधून परतीची वाट मिळते. कंट्रोलर बंद म्हणतोय आणि हीटर चालू. फेज तोडला असता तर त्याच बिघाडात कॉइलला काही मिळालं नसतं, आणि ए१ ची वायर अर्थ झाली असती तर फ्यूज उडून ओव्हन बंद झाला असता.

मुख्य कॉन्टॅक्टचं पाहून घ्या. ९ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, तीन फेज म्हणजे फेजला साडेबारा अँपिअर. कॉन्टॅक्टरवर दोन आकडे असतात, एसी-३ मोटरसाठी आणि एसी-१ हीटरसारख्या लोडसाठी. तुम्हाला एसी-१ चा बघायचाय, आणि त्यात मी निदान दीडपट तरी मोकळीक ठेवतो.

आता तिसरा प्रश्न, किती वेळा. एका एक्सट्रूडरवर (माल तापवून साच्यातून दाबून काढणारं मशीन) दर तीन-चार आठवड्यांनी एका झोनचा कॉन्टॅक्टर जात होता. तिथल्या लोकांनी कंपनी बदलून पाहिली, मोठ्या मापाचा लावून पाहिला. मी पॅनेलचं दार उघडलं आणि मीटर काढायच्या आधीच कळलं: कॉन्टॅक्टर शिलाई मशीनसारखा टकटक करत होता. त्या झोनचा कंट्रोलर मध्यंतरी बदलला होता आणि नव्याचा सायकल टाइम (आउटपुट एकदा चालू-बंद होण्याचा वेळ) एसएसआरसाठीचाच राहिला होता, २ सेकंद. दर २ सेकंदांनी एक ओढ म्हणजे तासाला १,८००, दिवसाला ४३,२००. छोट्या कॉन्टॅक्टरचं लोडवरचं आयुष्य साधारण १० लाख ओढींच्या आसपास धरलं तर तो २३ दिवसांत संपतो. म्हणजे कॉन्टॅक्टर आपलं आयुष्य पुरेपूर जगून मरत होता, शिव्या मात्र फुकट खात होता.

हा सायकल टाइम पीआयडी कंट्रोलरच्या, म्हणजे गरजेच्या प्रमाणात उष्णता कमी-जास्त करणाऱ्या कंट्रोलरच्या मेनूत असतो. रिलेने कॉन्टॅक्टर चालवायचा असेल तर २० सेकंदांच्या खाली येऊ नका. तुमच्या ओव्हनला मी ३० ठेवीन. ओव्हनचा पत्रा, आतली हवा, टांगलेला माल हे सगळं इतकं मंद आहे की ३० सेकंदांचा ठोका तापमानावर जाणवणारही नाही. ३० सेकंदांना एक म्हणजे तासाला १२०, दिवसाचे दहा तास धरले तर १,२००. १० लाखांना सव्वादोन वर्षं झाली. कंट्रोलरच्या आतल्या रिलेचं पूर्ण लोडवरचं आयुष्य मात्र बहुधा १ लाख ओढींचं असतं, म्हणजे याच वेगाने ८३ दिवस. २३० च्या कॉइलचा करंट अगदी कमी असल्यामुळे प्रत्यक्षात तो पुष्कळ जास्त टिकतो. २४ एसीच्या २.९ अँपिअरला तेवढा टिकेल असं मी म्हणणार नाही.

पावडर १८० ते २०० अंशांत भाजायची आणि दोन-चार अंश इकडेतिकडे चालत असतील, तर पीआयडीचा हट्टही सोडून देता येईल. साधं ऑन-ऑफ ठेवा, हिस्टेरिसिस (चालू आणि बंद होण्याच्या तापमानांतलं अंतर) ३-४ अंश. कॉन्टॅक्टर मग काही मिनिटांनी एकदाच ओढेल. आमच्यातले काही जण याला मागासलेपणा समजतात. मला कॉन्टॅक्टरवर ऑन-ऑफच आवडतं. अगदी अंशाअंशाचा काटा हवा असेल तर कॉन्टॅक्टरच्या मागे न लागता एसएसआर लावा, पण त्याला हीटसिंक द्यावा लागतो, कारण दर अँपिअरला प्रत्येक फेजमागे वॅट-सव्वा वॅट उष्णता तो स्वतःच काढतो. शिवाय एसएसआर बिघडतो तो बहुतेकदा शॉर्ट होऊन, म्हणजे चालू राहून. म्हणून त्याच्या आधी एक कॉन्टॅक्टर हवाच.

मी माझ्या पॅनेलमध्ये कंट्रोलर आणि कॉन्टॅक्टर यांच्यामध्ये जवळजवळ नेहमी एक छोटा प्लग-इन रिले टाकतो. २३० ची कॉइल, व्हीए एक-दीड. कंट्रोलरच्या बटणावर तेवढाच भार. कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा भार हा मधला रिले घेतो. तो मेला तर बेसमधून उपटून दुसरा खोचायचा, दोन मिनिटांचं काम. कंट्रोलरच्या आतला रिले मेला तर अख्खा कंट्रोलर काढा, खोला, सोल्डर करा किंवा टाकून द्या. कोणीतरी मरणारच असेल तर तो बाहेरचा असावा. तुम्हाला जुनी २४ एसीची कॉइल ठेवायचीच असेल, तर हा मधला रिले मी सक्तीचा समजेन.

या रिलेवरून एक गंमत आठवली. बरेच लोक ठिणगी कमी करायला आरसी स्नबर, म्हणजे कपॅसिटर आणि रेझिस्टरची जोडी, लावतात, ०.१ मायक्रोफॅरड आणि १०० ओहम. चांगली सवय आहे, पण तो कुठे लावला यावर सगळं आहे. कंट्रोलरच्या कॉन्टॅक्टवर आडवा लावला तर बटण बंद असतानाही कपॅसिटरमधून ७ मिलीअँपिअर झिरपत राहतात. कॉन्टॅक्टरला धरून राहायला ३० लागतात, त्याला फरक पडत नाही. पण १.२ व्हीएच्या मधल्या रिलेला ५ च मिलीअँपिअर पुरतात. एकदा ओढला की तो सोडतच नाही, आणि ओव्हन सेटपॉइंट ओलांडून चढत राहतो. काही कंट्रोलरच्या आतच असा कपॅसिटर बसवलेला असतो, तेव्हा बाहेर काही न लावताही हे होतं. स्नबर कॉइलवर लावा, ए१-ए२ च्या डोक्यावर. झटका जिथे तयार होतो तिथेच मरायला हवा.

याच्याच नात्यातलं भूत म्हणजे डिजिटल मीटरवर दिसणारे ६०-७० व्होल्ट, बटण बंद असताना. लांब केबलमध्ये शेजारच्या जिवंत वायरीमुळे ते उमटतात आणि मीटरचा इनपुट मेगओहमचा असल्यामुळे त्याला ते खरे वाटतात. कॉइल जोडून मोजलं की भूत पळतं. जोडूनही पळालं नाही तर मात्र कुठेतरी खरंच गळती आहे, ती शोधा.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण न सांगता सोडणार नाही. कंट्रोलर हा सुरक्षेचा माणूस नाही. त्याचा रिले चिकटेल, थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) भिंतीतून निसटून बाहेर लोंबकळत गार हवा मोजेल, कॉन्टॅक्टरचे मुख्य कॉन्टॅक्ट वितळून एक होतील. तिन्ही वेळा हीटर चालूच. म्हणून वेगळ्या सेन्सरचा, हाताने रीसेट करायचा लिमिट थर्मोस्टॅट लागतोच, सेटपॉइंटच्या २०-३० अंश वर आणि ओव्हनला सोसेल त्याच्या आत. आता बारीक गोष्ट: बहुतेक जण तो त्याच कॉन्टॅक्टरच्या कॉइलमध्ये सिरीजला घालतात. पहिल्या दोन बिघाडांत तो कामाला येईल. तिसऱ्यात नाही, कारण कॉइल सुटली तरी चिकटलेले कॉन्टॅक्ट सुटत नाहीत. त्यासाठी वर दुसरा कॉन्टॅक्टर हवा, जो रोज एकदाच ओढतो आणि लिमिटने सुटतो. रोज एकदाच ओढणारा कॉन्टॅक्टर सहसा चिकटत नाही, त्याच्या भरवशावर राहता येतं.

पहिल्यांदा चालू करताना हीटरचा एमसीबी पाडून ठेवा, फक्त कंट्रोल सप्लाय द्या. पॅनेलमध्ये ४१५ व्होल्ट आहेत हे विसरू नका. हात घालायच्या आधी मेन बंद, आणि टेस्टरच्या मिणमिणत्या दिव्यावर नाही तर मीटरवर खात्री. पॅनेलची सवय नसेल तर हे काम सवय असलेल्याकडून करून घ्या. सेटपॉइंट खोलीच्या तापमानाहून दहा अंश वर ठेवा. एकच टक् असा आवाज यायला हवा आणि मग जवळजवळ शांतता. हलकी गुणगुण चालते, एसी कॉइलला ती असतेच. खडखडाट आला तर ताबडतोब बंद करा आणि ओढत असताना ए१-ए२ वर किती व्होल्ट राहतात ते मोजा. व्होल्टेज बरोबर आहे आणि तरी खडखडतोय, तर जुना कॉन्टॅक्टर असल्यामुळे आर्मेचरच्या तोंडावर धूळ-गंज असेल, किंवा तिथली तांब्याची छोटी रिंग तुटली असेल. एसीत चुंबक सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्या क्षणी आर्मेचर धरून ठेवणं हे तिचं काम. धूळ पुसता येते. रिंग तुटली असेल तर कॉन्टॅक्टर ठेवू नका. मग थर्मोकपलचं टोक कोमट पाण्यात धरा. आकडा सेटपॉइंटच्या वर गेला की कॉन्टॅक्टर सुटला पाहिजे, बाहेर काढून गार होऊ दिलं की पुन्हा ओढला पाहिजे. असं पाच-सहा वेळा बघा. पाच मिनिटं ओढलेला राहू द्या, मेन बंद करा आणि मगच कॉइलच्या अंगावर बोट ठेवा. ती कोमट लागेल, थोडी गरमही लागेल, पण बोट ठेवून राहता यायला हवं. हे सगळं झालं की हीटरचा एमसीबी चढवा.